बोलायचे दात

तेउचेझ खुर्चीत बसला तेव्हा
वरचे चार, खालचे दोन,
एवढेच त्याचे स्वतःचे होते.
टोपी काढली नाही.
म्हणाला, मुलियेत, खायला नकोत मला दात.
मक्याची लापशी आहे, चीज आहे, सून मऊ शिजवते.
मला समुद्र म्हणायचाय.

तुआप्सेत माझ्या खिडकीतून तो दिसतोच,
मध्ये क्रेन, तेलाची जहाजं, गंजलेली गोदी.
म्हटलं, म्हणा की.
त्यानं तोंड उघडलं
आणि हिरड्यांवरून नुसती वाफ आली,
गरम चहावर फुंकर घालावी तशी.

आमच्या डोंगरातल्या थोड्याच घरांत
तो आवाज असा काढायचे:
वरच्या दातांची धार
खालच्या दातांच्या धारेवर नेमकी टेकवायची,
पुढे नाही, मागे नाही, कडेवर कड.
ओठ दोन्हीकडे जरासे ताणलेले.
जीभ खाली पडून. हाड नसलेली ती,
एरवी सगळीकडे लुडबुडते,
इथे तिला काम नाही.
घसा गप्प.
मग श्वास सोडायचा दातांच्या फटींतून,
कंगव्यातून वारा जावा तसा.
कंठातला नव्हे, टाळूचा नव्हे, ओठांचा नव्हे,
नुसत्या दातांचा.
त्याला एक आखूड स्वर चिकटवला की समुद्र.
आणि तोच शब्द म्हणजे सहा.
कुठला, ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

माझे वडील तसंच म्हणायचे.
मी क्रास्नोदारच्या वसतिगृहात गेले
आणि माझा समुद्र मागे सरकत घशात गेला,
तिकडच्या मुलींच्या समुद्रासारखा.
त्या विचारायच्या,
तुमच्या गावात सगळ्यांची दातखीळ बसलीय का?
मीही हसले होते.

पहिली कवळी सुरेख झाली.
पांढरी, सलग, न्हाणीघरातल्या फरश्यांसारखी.
मी निळा कागद मध्ये धरला, चावा म्हटलं.
त्यानं चावलं नाही, तो बोलला.
श्वास आतूनच आपटला, वळला,
आणि कोपऱ्यातून शीळ होऊन बाहेर पडला.
तेउचेझ म्हणाला, हा समुद्र नाही. ही किटली आहे.

मग घासत बसले.
एका आवाजाचा साचा कसा घ्यायचा
हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.
तो सांगायचा,
खालच्या मधल्या दोन दातांत फट होती माझ्या,
बाजरीचा दाणा अडकायचा.
मी बाजरीच्या दाण्याएवढी फट पाडली.
वरचा डावा जरा तिरका होता, लग्नाच्या आधीपासून.
तिरका केला.
चार खेपा, बसचे चार परतीचे रस्ते,
आणि दर वेळी निळ्या कागदावर
चावल्याच्या नाही, बोलल्याच्या खुणा.
माझ्या शिक्षकांनी पाहिलं असतं
तर परवाना काढून घेतला असता:
कडा अशा भिडवल्या की घास तुटत नाही,
कवळी डुगडुगते.

पाचव्या खेपेला त्यानं आरशात न बघता दात मिटले
आणि श्वास सोडला.
ल्यूबानं मागे वळून स्टरिलायझर बंद केला.
तिला वाटलं, वाफ गळतेय.
त्यानं पुन्हा म्हटलं. ती बटणं तपासत राहिली.
मी हातमोजे काढायचे विसरले होते.
माझेही दात आपोआप कडेवर कड आले,
पण आवाज आला तो घशातूनच.

पैसे देऊन झाल्यावर
त्यानं खिशातून अक्रोड काढले
आणि ट्रेमध्ये, उपकरणांच्या शेजारी, मोजत ठेवले.
पाचापर्यंत घाईघाईनं.
सहावा हातात धरून थोडा थांबला.
मग म्हणाला.
मी विचारलं, फोडून देऊ?
नको, तूच खा. हे दात बोलायचे आहेत.

जिन्यावर त्यानं ते काढले,
रुमालात गुंडाळले, आतल्या खिशात ठेवले.
वर जायला बसनं दोन तास लागतात.
बसमध्ये कुणाशी बोलणार?